बोटीसाठी तार घेताना

मित्रहो, पणजीतल्या कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात जाऊन 'दीडची वायर द्या', म्हणजे दीड स्क्वेअर एमएम जाडीची, म्हटलं की लगेच भेंडोळं समोर येतं. घरासाठी ती वायर उत्तम. शिडाच्या बोटीत मात्र घरचा हिशोब चालत नाही.

घरात 230 व्होल्ट असतात. वाटेत एखादा व्होल्ट गळाला तर पंख्याला पत्ताही लागत नाही. बोटीच्या बॅटरीत मुळातच 12. आता बिल्ज पंप घ्या, बोटीच्या तळाशी साचलेलं पाणी उपसणारा. समजा तो 5 अँपिअर खेचतो आणि बॅटरीपासून 6 मीटरवर आहे. वीज जाते तशी परतही यावी लागते, म्हणून लांबी धरायची 12 मीटर. इथेच बहुतेकांचा हिशोब निम्म्यावर थांबतो. दीड स्क्वेअर एमएम तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला साधारण 13 ओहम, म्हणजे पाऊण व्होल्टहून जास्त वाटेतच खर्ची पडतो, सहा टक्क्यांच्या वर. तार काही तापत नाही, पाच अँपिअर तिला सहज झेपतात. हात लावून बघणाऱ्याला सगळं ठीकच वाटतं, आणि पंप मात्र मरगळलेला चालतो. बोटींच्या विजेसाठी एबीवायसी, म्हणजे अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिल, या संस्थेचं मानक बरेच जण पाळतात. त्यानुसार बिल्ज पंप, नेव्हिगेशनचे दिवे अशा जिवाशी गाठ असलेल्या ठिकाणी वाटेतली व्होल्टची घट 3 टक्क्यांपेक्षा जास्त नको. केबिनमधल्या दिव्याला 10 टक्केही चालतात. आपल्या पंपाला अडीचची तार घातली तरी घट 4 टक्के राहते. चारचीच घ्यावी लागते.

डोलकाठीच्या टोकावरच्या दिव्याचं वेगळं आहे. तिथे जाऊन-येऊन 40 मीटर सहज होतात. जुन्या 25 वॅटच्या बल्बला सहाची तार लागेल, आणि एवढं वजन उंचावर चढवणं शिडाच्या बोटीला मुळीच परवडत नाही. तिथे आधी बल्ब बदला. एलईडी बसवला की दीडची तार पुरते.

आता खाऱ्या हवेकडे येऊ, कारण गोव्यात खरी नासाडी तिथेच होते. उघड्या तांब्यावर कळंक चढतो हे प्रत्येक घरात ठाऊक आहे, म्हणून तर आपण भांड्यांना कल्हई लावत आलो. बोटीची तारही तशीच हवी: आतल्या प्रत्येक बारीक धाग्यावर कथिलाचा मुलामा असलेली. साध्या तारेच्या उघड्या टोकातून दमट, खारी हवा धाग्यांच्या फटींतून आत शिरते. वरचं प्लास्टिक नवंकोरं दिसतं. सोलून बघा, तांबं काळं पडलेलं, कुठे हिरवी पूड. अशा तांब्यावर नवा लग, म्हणजे तारेच्या टोकाला लावायचा धातूचा तुकडा, बसवला तरी तो धरत नाही. चांगलं तांबं लागेपर्यंत कापत मागे जावं लागतं, आणि तेवढी तार शिल्लक नसते.

एकाच जाड धाग्याची एकसंध तार तर घेऊच नका. लाटांच्या हादऱ्यांनी ती वाकत राहते आणि एके दिवशी तुटते. जोडाला नुसतं सोल्डर लावण्याला माझा विरोध याच कारणासाठी आहे. सोल्डर धाग्यांत झिरपतं, तेवढा भाग ताठ होतो, आणि जिथे ताठरपणा संपतो तिथेच तार तुटते. लग तारेवर दाबून घट्ट बसवणारं रॅचेटचं क्रिंपिंग टूल वापरा, वर आतून गोंद असलेली, तापवल्यावर आकसणारी हीट श्रिंक नळी चढवा.

याच गोव्यात, दिवाडी बेटावर बांधलेल्या 'म्हादेई' या शिडाच्या बोटीतून नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. बोटबांधणीची अशी परंपरा असलेल्या मुलखात शिडावर लाखो रुपये घालून तारेत काटकसर व्हावी, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

फ्यूजबद्दल एवढंच: तो उपकरणासाठी नसून तारेसाठी असतो. बॅटरीपासून निघाल्यावर वीतभर अंतराच्या आत बसवा, आणि त्या तारेला झेपेल त्यापेक्षा मोठा कधीच घालू नका. पावसाळ्यासाठी बोट वर काढाल तेव्हा बिल्जजवळचा एक जोड कापून तांब्याचा रंग बघा, आणि पंप चालू असताना त्याच्या टोकांवर मीटर लावून व्होल्ट मोजा. नवी तार कुठून घालायला सुरुवात करायची ते तिथेच कळेल.