बोरघाटातली रेल्वे कुणी बांधली?

मंडळी, रेल्वेचा विषय निघाला की १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं, एवढं सगळ्यांना पाठ असतं. पण आपण पुणेकर, आपली खरी गोष्ट बोरघाटातली, आणि ती लाइन ज्यांच्या हातांनी झाली त्यांच्याबद्दल आपण फारच कमी बोलतो, म्हणून आज तेच सांगणार आहे.

जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीची गाडी १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत आली, इकडे खंडाळा-पुणे लाइन जून १८५८ ला सुरू झाली, आणि मधला घाट तसाच! म्हणजे मुंबईहून निघालेल्या माणसाने खोपोलीला उतरायचं, पालखी, तट्टू, बैलगाडी जे मिळेल त्याने घाट चढायचा आणि खंडाळ्याला परत गाडीत बसायचं. असं जवळजवळ पाच वर्षं चाललं.

अडचण होती चढाची. साधारण २५ किलोमीटरमध्ये १८३१ फूट वर जायचं. चीफ इंजिनिअर जेम्स बर्कले यांनी सगळ्यात कडक चढ ३७ ला १ ठेवला, म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर (आजही कर्जतला गाडी ढकलायला मागून जादा इंजिनं, म्हणजे बँकर, लावतात ते ह्या चढामुळेच). त्यासाठी २५ बोगदे खणले, आठ मोठे पूल बांधले, तरी एका सोंडेवर गाडी वळवायला जागाच नव्हती. मग तिथे रिव्हर्सिंग स्टेशन केलं. गाडी टोकापर्यंत जाऊन थांबायची, इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला लावायचे आणि मागचा डबा पुढे होऊन गाडी उलट दिशेने वर निघायची. १९२९ पर्यंत गाड्या अशाच जात होत्या.

आता हे खोदलं कसं ते बघा. सगळा काळा कातळ, डायनामाइट अजून निघालंच नव्हतं, जे काय ते सुरुंगाच्या दारूवर. काही ठिकाणी उभ्या कड्यावर पाय ठेवायलाही जागा नाही, तिथे माणसं वरून दोराने खाली सोडायची, त्यांनी तसंच लोंबकळत पहारीने भोकं पाडायची, दारू ठासायची. पावसाळ्यात काम बंद, आणि कोरड्या दिवसांत कॉलरा. एका वेळी ४२,००० पर्यंत माणसं कामावर होती. आणि एवढं करून मजुरी थकवली! १८५९ मध्ये मजूर उठले, मोठा दंगा झाला, आणि माझ्या मते त्यांचं काहीही चुकलं नव्हतं. त्याच वर्षी फॅविएल ह्या कंत्राटदाराने काम सोडलं. त्याच्या जागी सॉलोमन ट्रेडवेल आला, तो येऊन थोड्याच दिवसांत वारला, आणि त्याची बायको ॲलिस हिने कंत्राट स्वतःकडे घेऊन, दोन अनुभवी इंजिनिअर हाताशी धरून काम पुरं केलं. त्या काळात एका बाईने!

२१ एप्रिल १८६३ ला गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या हस्ते उद्घाटन झालं, ते बघायला बर्कले नव्हते, आदल्या वर्षीच गेले.

साहेबांची नावं तर आपल्याला मिळतात. पण खंडाळा, लोणावळा, कर्जत, खोपोली भागातलं इथे कुणी असेल आणि घरात खापरपणजोबा घाटाच्या कामावर होते असं बोललं जात असेल, तर कार्यक्रम झाल्यावर मला भेटा प्लीज, नाव, गाव, आठवणारं सगळं लिहून घ्यायचंय मला.