गांधीबागेतले ताके आणि मंदीचं गणित

(नागपुरात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

दिवाळीच्या तोंडावर गांधीबागेच्या ठोक बाजारात ताक्यांचे ढीग छताला टेकलेले असतात. ते पाहून ‘मंदी आली, माल पडून आहे’ असं कोणी म्हणालं, तर तिथला व्यापारी हसेल. तो माल सीझनसाठी भरलेला असतो. पण लगीनसराई उलटून जून लागला आणि ढीग तसाच राहिला, तर त्याच व्यापाऱ्याच्या चेहऱ्यावर हसू नसेल. त्याचे पैसे अडकलेले असतात, वर व्याज चालू असतं.

म्हणून साठ्याचा आकडा एकटा वाचायचा नाही. आजच्या वेगाने विकला तर हा माल किती महिने पुरेल, ते बघायचं. अमेरिकेचा सेन्सस ब्युरो ठोक व्यापाऱ्यांची विक्री आणि साठा दर महिन्याला जाहीर करतो. त्यात कपडे आणि कापडाची वेगळी ओळ आहे, १९९२ पासून सलग. (त्याच ओळीत पादत्राणंही मोजतात, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.) सणासुदीचा चढउतार त्यातून काढून टाकतात, पण भाववाढ काढत नाहीत. मे २०२२ मध्ये आपल्याकडे रुईची खंडी, म्हणजे ३५६ किलो, एक लाख रुपयांच्या वर गेली होती. सूत असं महागलं की गोदामात तेवढेच ताके असूनही साठ्याची रक्कम फुगते.

महिन्यांचा हिशेबही फसवतो. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेत दुकानं बंद होती. विक्री कोसळली आणि साठा विक्रीच्या कितीतरी पट दिसू लागला. नवा माल कोणी भरला नव्हता, विकला जात नव्हता इतकंच.

आता जरा कागद-पेन्सिल घ्या. एक किरकोळ दुकानदार महिन्याला १०० साड्या विकतो आणि दोन महिन्यांचा माल ठेवतो, म्हणजे २००. विक्री ९० वर आली. आता त्याला १८० पुरतात. विकून ११० उरल्या, म्हणून तो ७० च मागवतो. ठोक व्यापाऱ्याचाही नियम तोच आणि साठाही २०० चा. त्याच्या ७० गेल्या, १३० उरल्या, हव्यात १४०. तो मागावर मागणी पाठवतो फक्त १० साड्यांची! गिऱ्हाईक दहा टक्क्यांनी कमी झालं आणि विणकराचं काम नव्वद टक्क्यांनी गेलं. पुढच्या महिन्यात गिऱ्हाईक ९० वरच थांबलं, तर दुकानदार ९० मागवतो आणि ठोकवाला एकदम १३०. विणकराला वाटतं, तेजी आली. कसली तेजी? खऱ्या बाजारात इतकं काटेकोर कोणी वागत नाही, पण हेलकावा या दिशेनेच वाढत जातो. ठोक साठ्याकडे मी बघतो ते यासाठी. गिऱ्हाईक आणि माग यांच्या मधोमध तो बसलेला आहे.

२०२२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या मोठ्या दुकानांकडे माल तुंबला. टार्गेट कंपनीने जूनमध्ये उघडच सांगितलं, की ऑर्डरी रद्द करू आणि माल सवलतीत काढू. मागणी मंदावल्याची झळ आपल्या सूतगिरण्यांनाही लागली. इकडे विदर्भात आदल्या हंगामात क्विंटलला दहा हजारांवर भाव मिळालेला, म्हणून २०२२-२३ मध्ये अनेक शेतकऱ्यांनी कापूस घरात भरून ठेवला. तो भाव परत आला नाही. परदेशातले साठे हे एकमेव कारण होतं असं मी म्हणणार नाही. पण घरात कापूस ठेवायचा की विकायचा हे ठरवताना तो आकडा समोर असायला हवा होता.

आपल्याकडची गंमत अशी, की कापसाचे पैसे हातात आले की विदर्भातलं खेडं कापड घेतं. एकच पीक दोन्ही टोकांना. कापूस घरात अडकला की नागपूरच्या इतवारी बाजारातला मालाचा उठावही अडकतो. आणि ठोक व्यापाऱ्यांचा साठा मोजणारी मासिक सरकारी आकडेवारी आपल्याकडे नाही. रिझर्व्ह बँक दर तिमाहीला कारखान्यांच्या ऑर्डरी, साठा आणि क्षमतेचा वापर विचारते, तेही कारखान्यांनाच. ठोक व्यापारी त्यात येत नाही. अशी आकडेवारी येईपर्यंत गांधीबागेत विचारायचे प्रश्न दोन: मागच्या वर्षी याच महिन्यात किती माल होता, आणि उधारी किती दिवसांनी वसूल होतेय? दुसऱ्याचं उत्तर सहसा आधी बिघडतं.