बुल आणि बेअर : ही नावं आधी माणसांची होती

मंडळी, शेअर बाजारात तेजीला बुल आणि मंदीला बेअर का म्हणतात असं विचारलं की सगळीकडे एकच उत्तर मिळतं, बैल शिंगाने वर उडवतो म्हणून तेजी आणि अस्वल पंजा खाली मारतं म्हणून मंदी. लक्षात ठेवायला सोपं आहे, पण ही जोडणी नंतरची. मुळात ही नावं मार्केटची नव्हतीच, ती सौदा करणाऱ्या माणसांची होती आणि सौदाही कसला, तर खिशात नसलेल्या पैशांचा नाहीतर हातात नसलेल्या शेअरचा.

लंडनला एक्सचेंज ॲली नावाची गल्ली होती, तिथे जोनाथन्स कॉफी हाऊसमध्ये बसून दलाल लोक शेअर्सची खरेदी-विक्री करायचे. इंग्रजीत जुनी म्हण आहे की अस्वल मारायच्या आधी त्याचं कातडं विकू नये, आपण 'बाजारात तुरी' म्हणतो ना, त्यातलाच प्रकार. आता जो माणूस जवळ नसलेला शेअर आजच्या भावाने विकून टाकतो, डिलिव्हरीची, म्हणजे शेअर प्रत्यक्ष हातात द्यायची, तारीख पुढची घेतो आणि मधल्या काळात भाव पडेल मग स्वस्तात उचलून देऊ अशा हिशोबात बसतो, तो कातडंच विकतोय की! म्हणून त्याला बेअरस्किन जॉबर, म्हणजे अस्वलाच्या कातड्याचा सौदेबाज, म्हणायला लागले, पुढे नुसतंच बेअर. १७०९ साली टॅटलर नावाच्या नियतकालिकात हा शब्द आलेला आहे. बुल त्यानंतर पाचेक वर्षांनी दिसतो. त्या काळच्या लंडनमध्ये बैलावर आणि अस्वलावर कुत्रे सोडायचे खेळ लोक पैसे देऊन बघायचे, त्यामुळे ही जोडी सगळ्यांच्या ओळखीची होतीच.

मग आलं १७२०. साऊथ सी नावाच्या ब्रिटिश कंपनीचा शेअर जानेवारीत साधारण १२८ पौंडांना होता, उन्हाळ्यात तो हजाराच्या आसपास गेला आणि वर्ष संपेपर्यंत परत दोनशेच्या खाली, किती घरं बुडाली असतील विचार करा. संसदेने १७३४ मध्ये असे हवेतले सौदे बंद करायला कायदा केला, सर जॉन बर्नार्डच्या नावाने तो ओळखला जातो, पण गल्लीतले सौदे काही थांबले नाहीत.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो थॉमस मॉर्टिमर. १७६१ मध्ये त्याने सामान्य माणसासाठी बाजाराचं पुस्तक लिहिलं, त्यात तो म्हणतो की पैसे द्यायची ऐपत किंवा इरादा नसताना खरेदीचा करार करतो तो बुल, म्हणजे तारीख यायच्या आत त्याला नफ्यात नाहीतर तोट्यात ते विकावंच लागतं. बघा, आज आपण बुल म्हणजे आशावादी, देशाच्या प्रगतीवर विश्वास असलेला असं समजतो, आणि मूळ व्याख्येत तो सरळसरळ उधारीवर खेळणारा आहे! त्याच काळात जो देणं चुकवू शकला नाही आणि गल्लीतून बाहेर पडला त्याला लेम डक म्हणायचे, लंगडं बदक. होरेस वॉलपोल या इंग्रज लेखकाने १७६१ च्या एका पत्रात बुल, बेअर आणि लेम डक हे तिघेही एका दमात घेतलेत.

आपल्या दलाल स्ट्रीटवर तेजीवाले आणि मंदीवाले हे शब्द आजही माणसांनाच लावतात, आणि बदला नावाच्या पद्धतीत सौदा पुढच्या सेटलमेंटला, म्हणजे हिशोब चुकता करायच्या पुढच्या तारखेला, ढकलायची सोय होती ती थेट २००१ पर्यंत चालली, मग सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, बंद केली. म्हणजे पूर्ण पैसे न भरता सौदा उभा ठेवायची ती जुनी सवय इथेही होतीच. तेजीची खूण म्हणून प्रसिद्ध असलेला न्यूयॉर्कचा ब्राँझचा बैल तर अगदी अलीकडचा, आर्तुरो दी मोदिका या शिल्पकाराने तो १९८९ च्या डिसेंबरमध्ये रातोरात आणून ठेवला, १९८७ च्या शेअर बाजारातल्या पडझडीनंतर लोकांना धीर यावा म्हणून.

अजून एक प्राणी राहिला, स्टॅग, म्हणजे सांबरासारखा शिंगाळ नर. नव्या इश्यूला, म्हणजे कंपनी पहिल्यांदा विकायला काढते त्या शेअरला, अर्ज करायचा आणि शेअर हातात पडला की लगेच विकून मोकळं व्हायचं, अशांना १८४५ च्या आसपास रेल्वे कंपन्यांची लाट आली तेव्हा लंडनमध्ये हे नाव होतं. आज फक्त लिस्टिंग गेनसाठी, म्हणजे शेअर बाजारात आला की पहिल्या दिवशी मिळणाऱ्या नफ्यासाठी, आयपीओ (नवा इश्यू) भरणारे आपल्यातले कितीतरी जण त्या हिशोबाने स्टॅगच आहेत.