भिंतीला घाम येऊ द्या

'जुन्या गोठ्याची दुरुस्ती' हा आजचा विषय सांगितल्यावर संयोजकांनी फोनवर मला दोनदा विचारलं, "गोठा म्हणजे गुरांचाच ना?" हो, गुरांचाच. मुंबईत वारसा म्हटलं की डोळ्यांपुढे बोरीबंदर येतं. १९९५ च्या वारसा नियमावलीवर बोलणं निघालं तरी ते फोर्टातल्या इमारतींभोवतीच घुटमळतं. गोराईच्या गावठाणातल्या चार खणी गोठ्याकडे कोण बघतो? पण गोराई मुंबईतच आहे. तिथे भात पिकायचं, म्हणजे गुरं आणि पेंढा ठेवायला जागाही लागायची.

हा पहिला फोटो. दगडी जोतं, चुन्यातल्या भिंती, लाकडी खांब, वर कौलं. मालक काका म्हणाले, "पंधरा वर्षांपूर्वी चांगला सिमेंटचा गिलावा केला, तरी भिंत सडतेच आहे!" भिंत सडली होती ती त्या गिलाव्यामुळेच, हे त्यांना पटवायला मला दोन चहा लागले.

जमिनीतली ओल भिंतीत चढतेच. चुन्याच्या गिलाव्यातून ती हळूहळू उडून जाते. भिंतीला घाम येतो म्हणा ना. सिमेंटनं ती वाट बुजवली. कोंडलेली ओल आणखी वर चढली, पार वाशांच्या टोकांपर्यंत. त्यात हा गोठा! भिंतीत वर्षानुवर्षं गोमूत्र मुरलेलं, बाहेरून खाडीची खारी हवा. ओल सुकताना या क्षारांचे खडे बनतात आणि ते दरजांमधल्या, म्हणजे सांध्यांमधल्या चुन्याचा भुगा करतात. त्यालाच आपण लोणा लागला म्हणतो.

म्हणून पहिले तीन आठवडे आम्ही काही बांधलं नाही, फक्त छिन्नीनं सिमेंट सोललं. मग कागदाचा ओला लगदा भिंतीवर थापायचा, सुकला की काढून टाकायचा. लगद्याबरोबर क्षार बाहेर येतात. असं तीनदा केलं. गावातली पोरं विचारायची, "गणपती करताय का?"

आता चुना. आम्ही बोटीनं यायचो, पण कळीच्या चुन्याचा ट्रक भाईंदर-उत्तनवरून वळसा घालून यायचा. चुनखडी साधारण ९०० अंशांवर भाजली की तिच्यातला कर्बवायू निघून जातो आणि कळी उरते. कळी पाण्यात टाकली की रटरटते आणि विरते. तेव्हा तोंड लांब ठेवा, डोळ्यांशी खेळ नको. भिंतीवर लावल्यावर चुना तोच वायू हवेतून परत घेतो आणि पुन्हा दगड होतो. पण याला महिने लागतात आणि आपला पाऊस तेवढं थांबत नाही. म्हणून सुरखी, म्हणजे भाजक्या विटांची पूड. तिच्यामुळे चुना ओलीतही धरतो. दसऱ्यानंतर कामाला लागायचं आणि शिमग्याच्या आत गिलावा उरकायचा, हे गवंड्यानं मला शिकवलं.

गुळाच्या पाण्यानं चुना थापीखाली लोण्यासारखा सरकतो. इथे माझा हात सैल सुटला. दुसऱ्या दिवशी भिंतीवर मुंग्यांची रांग, आणि चुना काही केल्या धरेना. सगळा खरवडला. चुन्यात मिसळायला कुणी हिरडा सांगेल, कुणी बेलफळ, कुणी उडीद. खोटं कुणीच सांगत नाही, पण ती कृती त्याच्या गावच्या चुन्याची आणि वाळूची असते. आधी हातभर जागेवर लावून बघा. आणि उन्हात गिलावा तडकतो, त्यावर ओली गोणपाटं टांगा.

लाकडाचं थोडक्यात सांगतो. खांब बदलायचा सल्ला बऱ्याच जणांनी दिला होता. कुजलं होतं ते तळखड्यालगतचं, म्हणजे खांबाखालच्या दगडालगतचं हातभर. तेवढंच कापलं, तिरकी खाच पाडून नवं सागवान सांधलं आणि लाकडाच्याच खुंट्या मारल्या. खाडीच्या हवेत लोखंडी खिळा गंजून फुगतो आणि लाकूड फाडतो.

हा शेवटचा फोटो गेल्या जुलैतला. डाव्या कोपऱ्यात डाग दिसतोय ना? ती ओलच आहे. दिवाळीपर्यंत सुकली, मागे थोडा लोणा राहिला. तेवढा गिलावा खरवडून नवा लावायचा आहे. त्यासाठी विरवलेल्या चुन्याचं एक पिंप काकांनी तिथेच ठेवलंय, वर चार बोटं पाणी राखून.