कळ कपाळात, कारण टाळूत

[दृश्य: गिरगाव चौपाटी, मे महिन्यातली संध्याकाळ. रंध्यावर बर्फाची लादी घासली जातेय.]

रंध्याखाली पडलेला कीस गोळेवाला काडीभोवती मुठीने दाबतो, वर कालाखट्टा ओततो आणि गोळा ग्लासात उभा करून देतो. पहिले दोन भुरके झकास. तिसरा जरा जोरात ओढला, की कपाळात अशी सणक जाते की डोळे आपोआप मिटतात.

[आकृती: तोंडाचा उभा छेद]

दुखतं कपाळ, पण गार पडलेली असते टाळू. डोक्यावरची नव्हे, तोंडातली. जीभ वरच्या दातांमागून मागे सरकवत न्या. आधी कडक, वळ्यांचा भाग लागतो, मग मऊ. तिथे आणि त्यामागच्या घशाच्या भिंतीवर गारवा एकदम आदळला, की तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि लगेच फुलतात. याची वर्दी प्रामुख्याने ट्रायजेमिनल मज्जातंतू मेंदूला देतो. पण याच मज्जातंतूची एक शाखा कपाळाचीही खबर नेते. मेंदू पत्ता चुकतो आणि टाळूची तक्रार कपाळाच्या नावावर लिहितो. हृदयविकारात डावा हात दुखतो, तोही असाच चुकलेला पत्ता. या कळेचं ‘ब्रेन फ्रीझ’ हे इंग्रजी नाव मात्र फसवं आहे. मेंदू काही गोठत नाही.

खरा घोटाळा घाईत आहे. कॅनडातल्या हॅमिल्टन शहरात 145 शाळकरी मुलांना 100 मिलिलिटर आइस्क्रीम देऊन पाहिलं होतं. एका गटाने ते 5 सेकंदांत संपवायचं, दुसऱ्याने 30 सेकंदांहून जास्त वेळ घेत खायचं. घाई करणाऱ्यांपैकी 27 टक्के मुलांचं डोकं दुखलं, सावकाश खाणाऱ्यांपैकी 13 टक्के. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने 2002 च्या नाताळ अंकात हे छापलं.

[दृश्य: ग्लासातला अर्धा वितळलेला गोळा, अगदी जवळून]

बर्फाचा खडा तोंडात ठेवला, तर त्याचा टाळूला थोडाच भाग टेकतो आणि जीभ त्याला हलवत राहते. गोळ्याचा रस मात्र टाळूभर पसरतो. साखरेमुळे तो शून्य अंशाच्या खाली जाऊनही पातळ राहतो. शिवाय त्यात तरंगणारा प्रत्येक ग्रॅम कीस वितळताना 80 कॅलरी उष्णता ओढून घेतो, तीही तुमच्याच तोंडातून. मस्तानीत वेगळीच गोम असते. घट्ट दूध जाड स्ट्रॉने जोर लावून ओढावं लागतं आणि धार नेमकी मागे जाऊन पडते. स्ट्रॉचं टोक गालाकडे वळवा. काडीवरच्या कुल्फीचा त्रास कमी, कारण ती चाटल्याशिवाय गत्यंतर नसतं.

कळ आलीच तर आधी खाणं थांबवा. जिभेची खालची बाजू उलटी करून टाळूला दाबून धरा. ती वरच्या बाजूइतकी गार झालेली नसते. नाहीतर अंगठा लावा, किंवा कोमट पाण्याचा घोट तोंडात धरा. गोळी घेण्यात अर्थ नाही, ती विरघळायच्या आत दुखणं संपलेलं असतं. बहुतेकांचं मिनिटभरात थांबतं. मायग्रेन असलेल्यांना हा त्रास जास्त होतो. गार काढल्यावरही 10 मिनिटांहून जास्त दुखत राहिलं, किंवा काहीही गार न खाता अशी कळ आली, तर डॉक्टरांना दाखवा. कळ दातातच येत असेल, तर ते दंतवैद्याचं काम.

[दृश्य: पुन्हा चौपाटी]

गोळा संपत येतो तेव्हा ग्लासाच्या तळाशी सगळ्यात गार, सगळ्यात गोड रस उरतो. तो घटाघटा पिऊ नका. एकेक घोट जिभेच्या टोकाशी तीन-चार सेकंद धरा, मग गिळा.