म्हसवडच्या बायकांनी आधी खातं मागितलं

मित्रहो, बायकांना छोटं कर्ज दिलं की घर वर येतं, असं आपण बरीच वर्षं ऐकत आलो आहोत. मदत करू इच्छिणाऱ्या माणसाला हे पटकन पटतं. आज मी म्हसवडबद्दल बोलणार आहे, कारण तिथल्या कामाची सुरुवात कर्जापासून झाली नाही.

म्हसवड हे सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातलं गाव. याच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो, आणि माणमध्ये ५०० मिलिमीटर पडला तरी लोक वर्ष बरं गेलं म्हणतात. मुंबईत वाढलेल्या, जयप्रकाश नारायणांच्या चळवळीतून आलेल्या चेतना गाला सिन्हा लग्नानंतर इथेच राहिल्या. त्यांच्याकडे एक बाई आली. रस्त्याच्या कडेला लोहारकाम करायची, तिथेच संसार. तिला कर्ज नको होतं, अनुदानही नको होतं. पावसाळ्याआधी डोक्यावर प्लास्टिकचा कागद घालायचा होता, त्यासाठी चार पैसे बाजूला टाकायचे होते. बँकेत गेली, तर एवढ्याशा रकमेसाठी खातं उघडता येणार नाही म्हणाले.

मग बायकांची स्वतःचीच बँक काढायची ठरलं. रिझर्व्ह बँकेकडे अर्ज गेला आणि परत आला. कारण काय, तर प्रवर्तक बायकांतल्या काही निरक्षर होत्या, कागदांवर अंगठे होते. चेतनाताई खचल्या. बायका मात्र म्हणाल्या, लिहिता-वाचता येत नाही म्हणून नाकारलं ना, मग शिकू. दिवसभर राबून आलेल्या बायका वर्गाला बसू लागल्या. काही महिन्यांनी त्या पुन्हा अधिकाऱ्यांसमोर गेल्या आणि त्यांनी सांगितलं की आमच्या लहानपणी गावात शाळा नव्हती, तो दोष आमचा नाही. पण हिशेब आम्हाला येतो. कुठल्याही रकमेवरचं व्याज विचारा, आणि तुमच्या माणसांनाही कॅल्क्युलेटर न घेता ते काढायला सांगा! १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

अहमदाबादला १९७४ मध्ये सेवा बँक, म्हणजे ‘सेवा’ या कष्टकरी बायकांच्या संघटनेची बँक निघाली, तेव्हाही असंच घडलं होतं. ४,००० बायकांनी दहा-दहा रुपयांचं भागभांडवल जमवलं होतं आणि नोंदणीसाठी सही हवी म्हणून प्रवर्तक बायका रात्रभर बसून आपलं नाव गिरवायला शिकल्या होत्या.

या दोन्ही ठिकाणी अक्षरओळख वरून कुणी लादलेली नव्हती. बायकांना आपला पैसा आपल्या हातात हवा होता, त्यापायी त्या शिकल्या. प्रौढ साक्षरतेचे कितीतरी वर्ग ओस पडलेले मी पाहिले आहेत. शिकून उद्या काय हातात येणार, हे तिथे बाईला दिसत नव्हतं. पासबुकातली शिल्लक स्वतः वाचता येणं याचा अर्थ तिला लगेच कळतो. पासबुक घरी नेलं तर नवरा आकडा बघेल, हेही तिला कळतं. बाजारात बसणारी भाजीवाली धंदा सोडून बँकेत येऊ शकत नाही, म्हणून माणदेशीची माणसं तिच्या पाटीपर्यंत जाऊ लागली. २००७ मध्ये बसमधून फिरणारी उद्योगशाळा निघाली, पुढे गावाचा रेडिओही आला.

मोठ्या दुष्काळात, २०१२-१३ ला, एक बाई दागिने गहाण ठेवायला बँकेत आली. जनावरांना चारापाणी घ्यायचं होतं. पैसे देता आले असते, पण चारा आणि पाणीच कुठे नव्हतं. मग म्हसवडला जनावरांची छावणी उघडावी लागली. पतपुरवठ्याची हद्द कुठे संपते हे मला या प्रसंगाने जितकं समजलं तितकं कुठल्या अहवालाने समजलं नाही.

अभ्यासही तेच सांगतात. हैदराबादच्या वस्त्यांमध्ये अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांनी सूक्ष्मकर्जाचा परिणाम मोजला. तो अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचा धंदा आधीपासून होता त्यांचा काहीसा वाढला, पण घरातल्या निर्णयांत बाईचं वजन वाढल्याचं दिसलं नाही. त्याआधी २०१० मध्ये आंध्र प्रदेशात कर्जवसुलीचा जाच इतका वाढला की सरकारला ऑक्टोबरमध्ये अध्यादेश काढावा लागला. कर्ज बायकांच्या गटाच्या हमीवर दिलेलं असायचं, त्यामुळे एकीचा हप्ता थकला की गटातल्या बाकीच्या तिच्या दारात उभ्या राहायच्या. ज्या शेजारणींचा आधार वाटायचा, त्यांचीच धास्ती वाटू लागली. हे मला फार क्रूर वाटतं, आणि वसुलीचे उत्तम आकडे दाखवून ते झाकता येणार नाही.

तुमच्यापैकी अनेक जण अशा कामांना मनापासून देणग्या देता. देत राहा. फक्त संस्थेला किती बायकांना कर्ज दिलं एवढंच विचारून थांबू नका. बाईच्या नावावर खातं आहे का आणि त्यातले पैसे ती स्वतः काढते का, हे विचारा. जमीन तिच्या नावावर नसते, सातबाऱ्यावर तिचं नाव नाही, मग तारण म्हणून तुम्ही काय धरता, हेही विचारा. आणि हप्ता कधी घेता? माणमधल्या बाईच्या हातात शेळी विकली की पैसा येतो, आणि शेळी काही दर सोमवारी विकली जात नाही.