फरवर पाणी सोडलं, चामड्याचं काय?

मित्रहो, सुरुवात टोप्यांपासून करतो. १८८६ साली फ्रँक चॅपमन नावाचा एक पक्षीवेडा तरुण दोन दिवस दुपारचा न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर फिरला. करत होता पक्षीनिरीक्षणच, पण झाडांकडे न बघता बायकांच्या डोक्यांकडे बघत. त्याने ७०० टोप्या मोजल्या. त्यांतल्या ५४२ टोप्यांवर पिसं होती, काहींवर तर पेंढा भरलेला अख्खा पक्षी. त्यातून ४० जाती त्याने ओळखल्या. बगळ्याच्या पिसांना तर सोन्यासारखा भाव होता, आणि ही तुऱ्यासारखी पिसं फुटतात विणीच्या हंगामात. म्हणजे बगळा मारायचा तो घरट्यात पिल्लं असताना. एका पक्ष्यापायी सगळं घरटं जायचं.

याविरुद्ध उभ्या राहिल्या त्या बायकाच. इंग्लंडमध्ये १८८९ साली एमिली विल्यमसन, बोस्टनमध्ये १८९६ साली हॅरिएट हेमेनवे आणि मिना हॉल. ओळखीपाळखीच्या बायकांना गोळा करून त्यांनी पिसांची टोपी न घालण्याचं वचन घेतलं. ब्रिटनमध्ये पिसांच्या आयातीवर बंदीचा कायदा व्हायला १९२१ साल उजाडलं. तोवर केस आखूड ठेवायची टूम आली होती आणि मोठी टोपी डोक्यावर ठरेनाशी झाली होती. श्रेय वचनाला किती आणि कात्रीला किती, यावर मी भांडत नाही.

पण तेव्हा सोडलं ते घालणाऱ्यांनी. आज आपण बातम्या वाचतो त्या विकणाऱ्यांनी, म्हणजे बड्या फॅशन ब्रँडांनी, फर (प्राण्याची केसाळ कातडी) सोडल्याच्या. विकणाऱ्याच्या सोडण्यामागे एक हिशोब असतो, आणि मला आज त्या हिशोबाबद्दलच बोलायचं आहे.

कॅल्व्हिन क्लाइनने फर १९९४ सालीच बंद केली होती. लाट आली ती २०१५ नंतर. ह्यूगो बॉस, अरमानी, आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये गुच्ची. मग व्हर्साचे, बर्बरी, प्राडा अशी रांगच लागली. २०२१ मध्ये गुच्चीची मालकी असलेल्या केरिंग समूहाने आपल्या सगळ्याच ब्रँडांसाठी फर बंद केली. गुच्चीच्या घोषणेच्या वेळी एक आकडा छापून आला होता: फरमधून वर्षाला साधारण एक कोटी युरो. त्या वर्षी गुच्चीची एकूण विक्री होती सहाशे कोटी युरोंच्या वर. भागाकार करून बघा, हजार युरोंमागे दोन युरोसुद्धा पडत नाहीत. मी याला ढोंग म्हणत नाही. मिंकला, म्हणजे फरसाठी पाळल्या जाणाऱ्या त्या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्याला, त्या दोन युरोंचा पिंजराही पुरेसा अरुंद असतो. पण पाणी सोडलं ते कशावर, हे माहीत असावं.

आणि ‘फर’ म्हणजे काय, हेही एकदा नीट वाचावं. गुच्चीच्या त्या धोरणात मिंक, कोल्हा, ससा, काराकुल जातीची कोकरं हे प्राणी वगळले. मेंढी, बकरी, गाय-बैल, अल्पाका (दक्षिण अमेरिकेतला लोकरीचा प्राणी) यांना मुभा राहिली. तर्क असा की यांतले बरेचसे प्राणी मांसासाठी मारलेच जातात, कातडी हे उप-उत्पादन. म्हणजे फरमुक्त दुकानात लोकरीसकट मेंढीच्या कातड्याचा केसाळ कोट टांगलेला दिसू शकतो, आणि नियमाप्रमाणे त्यात काहीही चूक नसते. हा तर्क मला पूर्ण पटत नाही. खाटकाला कातडीचेही पैसे मिळतात, ते त्याच्या धंद्यातले पैसेच असतात. पण गंमत बघा, हाच तर्क नसता तर पिशव्या, पट्टे, बूट सगळंच बंद करावं लागलं असतं. तिथे हजारामागे दोन युरोंचा प्रश्न नाही, तिथे घरच चामड्यावर उभं आहे. स्टेला मॅकार्टनी यांनी २००१ साली स्वतःचं फॅशन हाऊस काढलं तेच चामडं आणि फर वगळून. पण पहिल्या दिवसापासून न घेणं आणि शंभर वर्षं विकून झाल्यावर सोडणं यांत फरक आहे.

आता अंगोऱ्याकडे वळू. (अंगोरा म्हणजे सशाची लोकर. अंगोरा शेळीही असते, पण तिच्या लोकरीला मोहेर म्हणतात. या नावांनी माझा स्वतःचा बराच काळ गोंधळ केला होता.) २०१३ च्या अखेरीस चीनमधल्या ससेपालनाचं गुप्त चित्रीकरण ‘पेटा’ या प्राणिहक्क संघटनेने बाहेर आणलं. ताणून बांधलेला ससा, मुठीने उपटली जाणारी लोकर, आणि सशाचं किंचाळणं. ससा एरवी आवाज करत नाही, म्हणून ते जास्तच अंगावर आलं. काही आठवड्यांत एच अँड एमसह अनेक दुकानांनी अंगोरा थांबवला. २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या मोहेरबाबत तसंच चित्रीकरण आलं आणि तसंच घडलं.

हे इतक्या झटपट का होतं? कनवाळूपणा असेल, मी नाकारत नाही. पण लोकर फार्मवरून व्यापाऱ्याकडे, तिथून सूतगिरणीत, तिथून विणणाऱ्याकडे जाते. स्वेटर विकणाऱ्याला ससा कुठला हे सांगताच येत नाही. शेवटच्या सशापर्यंत जाऊन तपासण्यापेक्षा नको म्हणणं स्वस्त पडतं. शनेलने डिसेंबर २०१८ मध्ये मगर, साप, सरडा यांची कातडी बंद केली, तेव्हाचं कारण जवळपास हेच होतं: आमच्या निकषांत बसेल असा माल मिळवणं कठीण होत चाललं आहे.

मेरिनो लोकरीत मात्र कोणी ‘नको’ म्हणायला धजत नाही, कारण तिच्याशिवाय दुकान चालत नाही. म्हणून तिथे तपासणी आली. मेरिनो मेंढीच्या अंगावर सुरकुत्या फार. शेपटीखालच्या ओलसर घड्यांत माश्या अंडी घालतात आणि अळ्या जिवंत मेंढीला खातात. यावर ऑस्ट्रेलियात निघालेला उपाय म्हणजे कोकराच्या शेपटीखालची कातडीच कापून काढायची, की तिथे सपाट व्रण होतो. याला म्युलसिंग म्हणतात. अनेक वर्षं ही कापाकापी भूल न देताच चालली. न्यूझीलंडने २०१८ मध्ये तिच्यावर बंदी घातली. खरा उपाय म्हणजे कमी सुरकुत्यांच्या मेंढ्या पैदा करणं, आणि त्याला मेंढ्यांच्या कित्येक पिढ्या लागतात. म्युलसिंग न केलेल्या लोकरीला कोणी चार पैसे जास्त देत राहिलं तरच मेंढपाळ तेवढी वाट बघेल. इथे ब्रँड निघून गेला तर मेंढीच्या पदरात काय पडणार?

मगरीची गोष्ट याहून अवघड. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, नॉर्दर्न टेरिटरीत, खाऱ्या पाण्यातली मगर १९७१ मध्ये संरक्षित झाली तेव्हा तीनेक हजार उरली होती. आज लाखाच्या आसपास आहे. रानातल्या घरट्यांतली अंडी गोळा करून फार्मवर उबवतात आणि त्याचे पैसे जमिनीच्या मालकांना मिळतात. त्यांतले बरेच तिथले आदिवासी आहेत. अंडी तशीही पुरात मोठ्या प्रमाणावर वाहून जातात. माणूस खाणारा प्राणी आपल्या नदीत का राहू द्यायचा, याचं उत्तर तिथे या पैशात आहे. पण फार्मवरची तीच मगर एकटी, तोकड्या खुराड्यात वाढते, कारण पिशवीच्या कातड्यावर ओरखडा चालत नाही. जात वाचते आणि जीव कोंडला जातो. मी या प्रश्नावर अजून कुठल्याही एका बाजूला बसू शकलेलो नाही.

पर्यायांबद्दल थोडक्यात. नकली फर बहुतेक वेळा अ‍ॅक्रिलिक, नकली चामडं पॉलियुरेथेन, दोन्ही प्लास्टिकच. अननसाच्या पानांपासून, निवडुंगापासून, बुरशीच्या तंतूंपासून कापड निघतं, पण ते टिकवायला बऱ्याचदा प्लास्टिकचा थर लागतो. बुरशीपासून ‘मायलो’ बनवणाऱ्या कंपनीला बड्या ब्रँडांचा पाठिंबा होता. तिला २०२३ मध्ये पैशांअभावी उत्पादन थांबवावं लागलं.

मघाशी एका बाईंनी विचारलं, की आजीचा फरकोट घरात पडून आहे, त्याचं काय करायचं? इंडिटेक्सने, म्हणजे झाराच्या मालक कंपनीने, २०१५ मध्ये अंगोरा कायमचा बंद केला तेव्हा गोदामात हजारो कपडे उरले होते. ते लेबनॉनमधल्या सिरियन निर्वासितांना दिले गेले. अमेरिकेत काही प्राणिमित्र संस्था जुने फरकोट गोळा करतात आणि जखमी, पोरक्या रानप्राण्यांना सांभाळणाऱ्या केंद्रांना पाठवतात. तिथे कोटाचे तुकडे करून खोक्यात अंथरतात. आई गमावलेली रॅकूनची पिल्लं त्यात तोंड खुपसून झोपतात.